चप्पला मोजणारा लोनसाहेब

सुरतेत येऊन मला छत्तीस वर्षं झाली. शेठ पाहिले, मुकादम पाहिले, दिवाळीला भाडं वाढवणारे घरमालक तर विचारूच नका. पण माणसाला त्याच्याच घरात पाहुणा करून टाकणारा आमच्या लोनसाहेबासारखा दुसरा पाहिला नाही. वयानं माझ्या पोराएवढा, बोलणं निम्मं गुजराती, निम्मं उधन्याच्या मराठी वस्तीत शिकलेलं मराठी. बँकेत बसून कागद बघायचा आणि घरी आला की कागद सोडून बाकी सगळं बघायचा. आधी दाराबाहेरच्या चप्पला. आमच्या शेजाऱ्याला म्हणाला, "काका, फॉर्ममां चार माणसं, चप्पला सहा जोड. हे दोघे कोण?" त्यानं तिथंच दोन भाडेकरू कबूल केले. पाणी दिलं तर पिण्याआधी विचारायचा, नळ किती वाजता येतो. मग भिंतीवर बोटानं टकटक करायचा, डॉक्टर पाठ ठोकतो तशी, आणि कान लावून भिंतीचं ऐकायचा.

आम्हाला बमरोलीत दोन खोल्या घ्यायच्या होत्या. बाना, म्हणजे इसार, देऊन बसलो होतो; महिन्यात लोन झालं नाही तर बान्याचे पैसे गेले आणि घरही गेलं. मी साठीच्या पुढचा, मला लोन देणार कोण? पोरगा कारखान्यात कापडाचे संचे चालवतो, पगार रोख हातात, चिठ्ठी नाही. साहेबानं बँकेत विचारलं, "घरात अजून कोण कमावतं?" मी छाती काढून सांगितलं, "आमच्या घरच्या बाया कमावत नाहीत. सून रिकामीच असते." त्यानं तसंच लिहिलं. खाली मी सही ठोकली; चौथीपर्यंतची, पण स्वतःची.

मग तो घर बघायला आला. चप्पला मोजून झाल्या, भिंत ठोकून झाली, आणि सुनेनं पाणी पुढं केलं तर हा तिच्या बोटांकडंच बघत राहिला. बोटांना गोंद, नखाला चमकता खडा चिकटलेला.

"बेन, साडीवर स्टोन तुम्ही लावता?"

"हो. शेठ फोनवरून पैसे खात्यात टाकतो."

"केटला वरसथी?"

"चार वर्षं झाली."

तिनं पासबुक आणलं. साहेबानं पान उलटलं, आणखी उलटलं, मग माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, तमे तो स्वतःचं घर घालवत होता. लोन या बेनच्या कमाईवर होईल."

मी खाटेवर बसलो तो बसलोच. चार वर्षं त्या साड्यांचे गठ्ठे माझ्या उशाशी पडायचे, मी त्याला बायकांचा विरंगुळा समजायचो. घरचा किराणा, माझ्या गोळ्या, सगळं पोरगा बघतो म्हणून गल्लीभर सांगत फिरलो होतो. तरी म्हणालोच, "घर पुरुषाच्या नावावर असतं."

आतून आमची म्हातारी गावच्या बोलीत म्हणाली, "आते तरी गप बठा."

साहेब हसला नाही. त्यानं पिशवीतून नवा फॉर्म काढला. पहिल्या ओळीत सुनेचं नाव, दुसऱ्या ओळीत पोराचं. मला कुठली ओळच नव्हती.

घर झालं. पुढं साहेबाची वापीकडं बदली झाली, असं बँकेतल्या शिपायानं सांगितलं. मला त्याला एवढंच सांगायचं होतं, की रिकामी म्हणालो ते चुकलं माझं. त्यासाठी वापीच्या बँकेपर्यंत गेलो, पण न बोलताच परत आलो.

सून तर रोज समोर असते. तिला तरी कुठं सांगितलंय.