दोन फेऱ्यांचा पुढारी

देशोदेशीच्या मैदानांवर पंधराशे मीटर पळून आलेला माणूस त्या गल्लीत एकच होता, आणि परदेशात तो एकदाही हरला नव्हता. हरायला आधी शर्यत पुरी करावी लागते हो! तेवढं सोडून बाकी सगळं त्याने केलं.

धंदाच तसा होता. मोठमोठ्या धावपटूंना विक्रम करायचे असतात. मग सुरुवातीला कुणीतरी पुढे पळून वेग लावून द्यायचा, वारा छातीवर घ्यायचा आणि दोन फेऱ्या झाल्या की मुकाट्याने आतल्या गवतावर उतरायचं. एकदा उतरलं की नियमाने पुन्हा शर्यतीत शिरता येत नाही. विक्रम त्यांचा, धाप याची. लोक त्याला पुढारी म्हणत. नाव शोभायचंही, सगळ्यांच्या पुढे असायचा आणि शेवटपर्यंत कधीच पोचायचा नाही.

बायकोने विजेत्यांचे फोटो मिळवून भिंतीवर लावले होते. पाहुणे आले की कौतुकाने दाखवायची, "तो झेंडा घेतलेला आहे ना, त्याच्या काखेतून कोपर दिसतंय बघा. ते यांचं."

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा कुठे स्वारीला जाग आली. आयुष्यात एकदा तरी देशाच्या संघातून, छातीवर देशाचं नाव लावून पळायचं.

"अगं, एकदाच," तो बायकोला म्हणाला. "आख्खा मी दिसेन असा एक फोटो नको का?"

"हवा की! भिंतीवर जागा मी करते," ती म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसून आली.

निवडीची शर्यत एकच. पहिला येईल तो संघात, बाकीचे आपापल्या घरी. पुढच्या खेपेपर्यंत याचे गुडघे टिकणार नाहीत, हे डॉक्टरांनी अगदी हसतमुखाने सांगून ठेवलं होतं.

बंदूक वाजली आणि पुढारी सुटला. मागची जाणकार मंडळी निवांत होती.

"अरे, जाऊ दे त्याला," एक दुसऱ्याला म्हणाला. "आता उतरेल."

हा उतरायला नव्हे, जिंकायला आलाय, हे कुणाच्या गावीही नव्हतं. सगळे एकमेकांवर डोळा ठेवून रमतगमत पळत राहिले आणि हा पठ्ठ्या लांब निघून गेला. दोन फेऱ्या सरल्या तेव्हा मागे चिटपाखरू नव्हतं. नुसतं पळत राहिला असता तरी संघात होता! बायको बाकावर उभी राहून ओरडत होती, घसा पार बसला होता तिचा.

आणि वळणावर त्याचे पाय शहाण्यासारखे डावीकडे वळले, गवतावर उतरले आणि थांबले.

गुडघ्यांवर हात ठेवून त्याने दम खाल्ला. मग ताठ होऊन मागून येणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! वेग सोडू नका!"

"अहो! अहो, पळा ना!" वरून बायको किंचाळली. त्याने नेहमीसारखा हसून हात हलवला. मग त्याला तिचा चेहरा दिसला, आणि हात हवेतच राहिला.

तेवढ्यात सगळ्यात मागचा पोरगा समोरून गेला. चांगल्या वळणाचा होता. जाता जाता म्हणाला, "थँक्यू हं, पुढारी!"

पुढाऱ्याचे डोळे भरून आले होते, समोरचं काही दिसत नव्हतं, आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, "अरे, असू दे, असू दे."