पुलापर्यंत न गेलेला पहिला नंबर

हे मी घरात बोललो नाही, मित्रांत बोललो नाही, देवासमोर हात जोडूनसुद्धा बोललो नाही. आणि मी न बोललेली गोष्ट म्हणजे काय, ते मला ओळखणाऱ्यांना विचारा. मी झोपेतही बडबडतो.

भडगावच्या बाजूला कधी आला असाल, तर माझी शर्यत तुमच्या कानावर आलीच असेल. मीच सांगितली असेल. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर गावापासून गिरणेच्या पुलापर्यंत आणि परत — सहा किलोमीटर — मी असा पळालो, की मागे लागलेलं कुत्रं दमलं आणि एकाच्या सायकलच्या कॅरियरवर बसून घरी गेलं. धुळ्याला सांगताना तर मी पूल ओलांडून चाळीसगावला शिवून आलो. ऐकणारे हसतात, मीही हसतो. आता ऐका — त्यात कुत्रं तेवढं खरं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आदल्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जळगावला न्यावं लागलं होतं. बाळ वाटेतच गेलं. तेव्हा गावाने ठरवलं, दवाखान्याला गाडी घ्यायचीच. त्या वर्गणीसाठी ही शर्यत. ठरवली नानांनी. नाना आमच्या जिनातले हेडकारकून. जिनात कापसाची सरकी निघायची, रुईच्या गठाणी बांधल्या जायच्या, आणि त्या गठाणींवर मार्का मारायचं काम माझं. पत्र्यात कापलेली अक्षरं, लाल रंग, ब्रश. हंगामात माझे हात कोपरापर्यंत लाल असायचे. बायको म्हणायची, जेवायला बसलात की खून करून आल्यासारखे दिसता.

तर पुलापर्यंत कोण गेला, हे कसं कळणार? नानांनी तोड काढली. माझ्याच रंगाचा डबा पुलाच्या कठड्याला टांगायचा, शेजारी कोरडा ब्रश. पळत जायचं, आपल्याच हाताने मनगटावर लाल पट्टी ओढायची, परत फिरायचं. तिथे माणूस बसवायची गरज काय? सगळे आपलेच तर होते. डबा आदल्या संध्याकाळी मीच टांगून आलो. तेव्हा एवढं साधं कोणाच्या लक्षात आलं नाही — माझ्याही नाही, शपथेवर — की माझ्या हातावर पट्ट्या जन्माच्याच आहेत.

आणि युसूफ. युसूफ पिंजारी. गाद्या-रजया भरायचा. लोक घरचा कापूस त्याच्या दुकानात टाकून जायचे, न मोजता, न बघता. पिंजून तोच कापूस परत गादीत येणार, याची सगळ्यांना खात्री. त्याचा धंदाच त्या खात्रीवर. पायाने हरणासारखा. अनवाणी पळाला.

पहिल्या दोन शेतांतच तो पुढे गेला. मी दुसरा होतो — हो, थोडा वेळ मी खरंच दुसरा होतो! मग नव्या कॅनव्हासच्या बुटांनी टाचा सोलल्या, कुशीत कळ आली, आणि रस्त्याकडेला केळीचा बाग दिसला. सावली. गारवा. एक घड पिकलेला. सांगा, तुम्ही काय केलं असतं? — नाही, सांगू नका. तुम्ही पळाला असता.

मी बसलो. पाच केळी खाल्ली. (लोकांना सांगताना मी पळता पळता ऊस मोडून खाल्लेला असतो.) बेत एवढाच होता की बागेतल्या पायवाटेने गुपचूप घरी जायचं. पण ती पायवाट वेशीजवळच रस्त्याला लागते. मी बाहेर पडलो आणि वेशीवरच्या वाजंत्र्यांनी मला पाहिलं. संबळ कडाडली. पोरं किंचाळायला लागली. आणि माझे पाय... माझे पाय पळायला लागले. ते मला थांबवता आले नाहीत असं मी म्हणणार होतो. आले असते.

नानांनी मनगट पाहिलं. एक पट्टी हवी होती, माझ्याकडे तीन होत्या. हार पडला.

थोड्या वेळाने युसूफ आला. मला हार घातलेला पाहून तो थबकला. त्याच्या पुढे सबंध वाटेत कोणी नव्हतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? नानांनी त्याचाही हात धरला.

"पट्टी कुठे, युसूफ?"

"वढेल शे ना, नाना. दखा."

पट्टी ओढलीय म्हणत त्याने मनगट पुढे केलं, पण त्यावर लाल काहीच नव्हतं. नुसती तेलकट चमक. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "अर्धी वाटथीन फिरी उना हाऊ." अर्ध्या वाटेवरून परतलेला म्हणून लोक हसले. नानांना वाईट वाटलं, पण नियम तो नियम. त्यांनी युसूफचं नाव खोडलं. मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर मात्र ठसठशीत लाल पट्टी होती.

आता जे सांगतो, ते त्या मैदानात फक्त मला कळलं होतं. रंग रात्रभर उभा राहिला की रंगद्रव्य तळाला बसतं आणि वर निव्वळ तेल तरंगतं. म्हणून आधी ढवळायचा असतो — मार्का मारणाऱ्याला हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी डबा टांगला, ढवळायला सकाळी गेलो नाही. ब्रश जो पहिला उचलेल, त्याच्या हाती तेल येणार. त्याच्या बुडवण्याने रंग हलणार, आणि पुढच्यांना लाल मिळणार. ती चमक हाच पुरावा होता. पुलावर सगळ्यांत आधी पोचलेल्याचा. मी तो वाचला. आणि हार नीट केला.

त्यानंतर लोक युसूफकडे कापूस मोजून टाकायला लागले. भांडण नाही, शिवी नाही — नुसता तराजू. त्याहून वाईट काय असतं?

आठवड्याने मी त्याच्या दुकानात गेलो. सांगायलाच गेलो होतो. तोंड उघडलं, तर त्याने पिंजणं थांबवलं, दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "पहिले गाडी येऊ दे, भाऊ. आते काही बोलशीत तर वर्गणी थांबी जाई."

गाडी आली. पांढरी, लाल दिव्याची. नानांनी पहिल्या फेरीला मला पुढच्या सीटवर बसवलं. युसूफ रस्त्याकडेला उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी काच खाली केली, हात हलवला. बोललो नाही. गाडी आली होती, तरी बोललो नाही.

त्या गाडीने पुढे किती बाळंतिणी वेळेत पोचवल्या! माझी सूनही. आणि युसूफने मला काय दिलं, ते कसं सांगू? त्याच्याच दुकानात बसून, त्याच्याच चहावर, मी ती शर्यत वीसेक वेळा सांगितली असेल. तो कुत्र्याच्या जागी हसायचा, बरोब्बर. एकदाही डोळे माझ्यावर रोखले नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नात त्याने स्वतः भरलेली रजई आणली. हंगाम गेला, जिन बंद पडलं, तो लेकाकडे धुळ्याला राहायला गेला — जाताना माझ्याकडे जेवून गेला. एवढं सांभाळून घेणारा माणूस मला मिळाला, आणि तो मी ज्याचं नाव खोडू दिलं तोच होता.

म्हणून लिहून ठेवतो. त्या सकाळी पहिला युसूफ आला. दुसरा कोण आला, मला ठाऊक नाही. मी शर्यतीत नव्हतो.