सूर्यावरचे डाग

दुर्बिणीतून सूर्याचं प्रतिबिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पडलं होतं आणि त्यावर दोन काळे ठिपके दिसत होते. माझी धाकटी बहीण सुमन गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. तिला भेटायला गेलो होतो, तेव्हाची ही सकाळ.

मुलींच्या घोळक्यातून शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष पुढे आले. "सूर्यनारायणाला डाग? बाई, तुमची काच मळलीय. आवरा हे."

सुमनने भिंगाची नळी बोटांनी सावकाश फिरवली. "काचेवरचा मळ असता, तर काचेबरोबर फिरला असता, साहेब. हे जागचे हलले नाहीत."

"तुम्हाला अजून नोकरीत कायम व्हायचंय," ते हळू आवाजात म्हणाले.

"व्हायचंय. पण डाग आहेत."

चारशे वर्षांपूर्वी युरोपातही हेच झालं. आकाश निष्कलंक आहे, असं ग्रंथ सांगत होते. काही हट्टी माणसांनी ग्रंथ बाजूला ठेवून दुर्बीण लावली. सत्तेला माणूस घरात कोंडता आला, पृथ्वीचं फिरणं थांबवता आलं नाही. तेव्हापासून 'कोण म्हणतं' यापेक्षा 'काय दिसतं' हा प्रश्न मोठा झाला. तरी दर पिढीत कुणाला तरी तो पुन्हा विचारावा लागतो, तोही स्वतःचं काहीतरी पणाला लावून.

त्या वर्षी सुमनला कायम केलं नाही. तो निर्णय कळल्यावर पुढच्याच रविवारी तिने दुर्बीण भर बाजारात नेऊन मांडली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावू लागली, "या, पुठ्ठ्यावर बघा आणि तुम्हीच सांगा."