गाठी किती आणल्या?

मी परमुलखातला आहे, हे मला वयाच्या अठराव्या वर्षी अमरावतीच्या शाळेत कळले.

सांगणारे होते आमचे हेडमास्तर. पुण्याकडचे गृहस्थ, बोलणे तोलूनमापून. मुंबईच्या विद्यापीठात शिरायचे तर आधी प्रवेशपरीक्षा द्यावी लागे, आणि तिला बसायची माझी फार इच्छा होती. (इच्छा कसली, ध्यास! मला बॅरिस्टर व्हायचे होते. बॅरिस्टर करतो काय, ते मात्र ठाऊक नव्हते.) म्हणून मी बाबांना तिवशाजवळच्या आमच्या गावाहून शाळेत घेऊन आलो होतो.

"वय सोळा पूर्ण झाल्याचा आणि चालचलणुकीचा, असे दोन दाखले लागतील," हेडमास्तर म्हणाले. "मुंबई इलाख्यातल्या मुलांचे तेवढ्यावर भागते. पण वऱ्हाड पडले इलाख्याबाहेर. तिकडच्यांच्या लेखी तुम्ही परमुलखातले."

बाबा ताडकन उठले. "परमुलखातले? आमी? सात पिढ्या झाल्या ह्या काळ्या मातीत! परमुलखातले तर तुमी हाय, मास्तर!"

हेडमास्तर खोकले. "रागावू नका. बाहेरच्या मुलाला इंग्रजी येते की नाही, हे त्यांना कसे कळावे? म्हणून माझा आपला सल्ला, की अर्जासोबत नमुना जोडावा."

"नमुना?" बाबा परत खाली बसले. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"हो. मात्र घरचाच हवा. दुसऱ्याच्या हातचा चालणार नाही. स्वच्छ, कुठे डाग नको."

"अहो, डाग कुठला! असा नमुना देतो, का मुंबईवाले पाह्यतच राह्यतीन!"

इथे एक खुलासा करायला हवा. त्या दिवसांत अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि विलायतेला आमचा कापूस हवा होता. वऱ्हाडात लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणे चढवली होती. तेव्हा आमच्या गावात नमुना या शब्दाला एकच अर्थ होता. मूठभर रुई घ्यायची, कागदात बांधायची आणि दलालाच्या हाती मुंबईला धाडायची. हेडमास्तरांना म्हणायचे होते स्वतःच्या हाताने लिहिलेल्या इंग्रजीचा नमुना. ते त्यांना कळत होते, मला कळत होते. बाबांना विचारायचे मात्र कोणाला सुचले नाही!

घरी येऊन मी दोन दिवस खपून 'गाय' या विषयावर पानभर इंग्रजी निबंध लिहिला. वर मोठ्या अक्षरात नाव, गाव, ठिकाण. अर्जावर बाबांचा अंगठा घेतला.

"हे आता मास्तरांकडे नेऊन द्यायचंय," मी म्हणालो.

"मास्तरले काहून तरास देतं? आपला दलाल उद्या मुंबईले जाऊन राह्यला. त्याच्या हाती देतो. आन नमुना जोडला काय?"

"जोडला."

मी जेवायला बसलो. तेवढ्यात बाबांनी पाकीट उघडून पाहिले (हे मला फार पुढे कळले). आत नुसते कागद! पोराला एवढीही अक्कल नाही, असे म्हणत ते कोठीत गेले, हाताने वेचलेली पांढरीशुभ्र रुई घेतली आणि बांधायला कागद हवा म्हणून माझ्या गाईतच ती गुंडाळली. दलालाला इंग्रजीचा गंध नव्हता. नमुना जिथे पोचवायचा तिथेच त्याने तो इमानाने पोचवला, म्हणजे कापूस घेणाऱ्या एका पेढीवर. अर्ज रुईसोबत गेला.

महिन्याभराने इंग्रजीत पत्र आले. पाकिटावर माझे नाव! गावात इंग्रजी येणारा मी एकटाच, त्यामुळे अर्धे गाव ओसरीवर जमले. मी घसा साफ करून उभा राहिलो.

"नमुना मिळाला," मी वाचले. "कलर फेअर. म्हणजे वर्ण गोरा."

माय चुलीपासून उठून बाहेर आली. तिने मला नीट न्याहाळले. "गोरा? हा? तिकडून त्यायले कसं दिसलं बाप्पा?"

"स्टेपल स्ट्राँग." स्टेपल म्हणजे कापसाचा तंतू, हे मला ठाऊक नव्हते. पण अर्धे गाव समोर बसले असता अडून कसे चालेल? "म्हणजे स्वभाव बळकट," मी ठोकून दिले.

"आन पुढं?"

"पुढे लिहिलंय की थोडा कचरा आहे."

"डोक्यात," बाबा म्हणाले. "हे मातर बराबर वयखलं."

"पण पसंत! ताबडतोब पाठवा!"

झाले! गूळ वाटला गेला. मारुतीला नारळ फुटला. चौथ्या दिवशी गळ्यात हार घालून बाबांनी मला आगगाडीत बसवले. गाडी हलली तेव्हा डोळे पुसत ते सोबत धावले. मला भरून आले. आपण या माणसाचे पांग फेडणार, असे मला अगदी मनापासून वाटत होते.

पत्रावरच्या पत्त्यावर पोचलो. विद्यापीठ मला जरा निराळे वाटले. जिकडे तिकडे रुईचे ढीग, आणि शिकणारे लोक उघड्या अंगाने ओझी वाहत होते. गादीवर बसलेल्या मुनशीपुढे मी पत्र ठेवले.

"वा! अमरावतीचा माल!" तो म्हणाला. "आला का?"

"आलो," मी नम्रपणे म्हणालो.

"गाठी किती आणल्या?"

"दोन. एक अंथरुणाची, एक दशम्यांची."

मुनशीने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. मग कपाटातून एक पुडके काढून माझ्यासमोर सोडले. आत आमच्या कोठीतली रुई, आणि तिच्याखाली चुरगळलेली माझी गाय! मला हसू येईना, रडू आवरेना. भानावर येऊन मी खऱ्या विद्यापीठाचा पत्ता विचारला आणि तसाच धावत सुटलो. तिथल्या कारकुनाने शांतपणे सांगितले की अर्ज घेण्याची मुदत काल संपली. मी पायरीवरच बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. दशम्या मात्र खाल्ल्या.

पुढच्या वर्षी हेडमास्तरांनी अर्ज स्वतःच्या हाताने टपालात टाकला. मी परीक्षेला बसलो आणि इंग्रजीत नापास झालो.

घरी परतलो तेव्हा कोणत्या तोंडाने सांगावे तेच कळेना. बाबा बैलांना वैरण टाकत होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि काय ते ओळखले.

"जाऊ दे गणप्या," ते म्हणाले. "औंदाबी रुई पास झाली, पोरगा नापास झाला. दोनीबी आपलंच पीक हाय लेका. एकाच साली सारं साधते काय?"

त्यानंतर मी आणखी तीन वर्षे परीक्षेला बसलो. कापूस दरसाल चांगला आला.