शाळा सोडल्याचा दाखला

माझ्या नणंदेच्या टेबलाला दोन खण आहेत. वरच्यात युद्धाचे करार, खालच्यात संसाराचे. वन्सं कोर्टाच्या कागदांचं भाषांतर करतात, आमच्याच पुढच्या खोलीत, गेली बावीस वर्षं. लढाईतल्या कैद्याला कसं वागवायचं यावर देशादेशांनी सह्या केल्यात. एका पालकाने मूल परस्पर परदेशात ठेवून घेतलं तर ते परत कसं पाठवायचं, यावरही केल्यात. हे मला लग्न होऊन इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. आता मी भाजी निवडायला मुद्दाम त्याच खोलीत बसते.

गेल्या वर्षी एक नर्सबाई आल्या. नवऱ्याने नऊ वर्षांच्या मुलीला सुट्टीसाठी आपल्या देशी नेलं आणि तिकडेच ठेवून घेतलं. त्याला वर्ष भरायला अकरा दिवस उरले होते. त्याच्या आत तिकडच्या कोर्टात अर्ज गेला पाहिजे. नंतर 'मूल आता इथेच रुळलंय' म्हणायला बापाला वाट मोकळी.

वन्संनी गठ्ठा चाळला. "नवरा किती वाईट, याचीच चाळीस पानं आहेत."

"आहेच तो तसा."

"असेल हो. पण करार ते विचारत नाही. मुलीचं रोजचं घर कुठे होतं, एवढंच विचारतो. शाळेचा कागद?"

बाईंनी तो जपून प्लास्टिकमध्ये आणला होता. वन्संनी दोनदा वाचला. "हा तर शाळा सोडल्याचा दाखला."

"ती शाळेत होती याचा पुरावा मागितला. कारकून म्हणाले, अर्ज करा, हाच मिळतो."

"म्हणजे तुम्हीच तिचं नाव काढलंत. तिकडचा वकील म्हणेल, आईनेच कायमची पाठवली."

बाईंनी दाखला घाईने परत प्लास्टिकमध्ये घातला. "वन्सं, तो जोडूच नका ना," मी म्हटलं.

"अगं वहिनी, रजिस्टरात नोंद आहे. लपवलेलं सापडलं तर खरे कागदही खोटे ठरतील." मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "शाळेतलं तिचं काही घरी आहे?"

"लायब्ररीचं पुस्तक आहे. सुट्टीआधी घेतलेलं, तिच्या उशाशीच."

"परत कधी करायचं होतं?"

"शाळा उघडल्यावर."

वन्संचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी शाळेत. माझं काही काम नव्हतं, पण राहवेना. पुस्तक बाकी असताना दाखला द्यायचाच नाही, हा शाळेचाच नियम निघाला. मुख्याध्यापिकांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने पंख्याकडे. दाखला लेखी रद्द झाला, नाव पटावर परत चढलं, हजेरीची आणि लायब्ररीच्या नोंदीची नक्कल मिळाली. वन्संनी चुकीच्या दाखल्यासकट सगळ्याचं भाषांतर केलं. अर्ज दोन दिवस राखून पोचला.

मग नुसती वाट. बापाने मुलीला फोनही देऊ नये. "शत्रूच्या कैद्यालासुद्धा घरी पत्र लिहायचा हक्क आहे," वन्सं वरचा खण ढकलत पुटपुटल्या.

पाच महिन्यांनी तिकडच्या कोर्टाने मुलीला परत पाठवलं. बाईंचा फोन आला.

"विमानतळावर काय म्हणाली?" वन्संनी विचारलं.

"पुस्तकाला एवढा उशीर झाला, लायब्ररीतल्या बाई रागावतील का म्हणाली."

"तिला म्हणावं, स्वतः नेऊन दे," वन्सं म्हणाल्या. "आणि दिल्याची नोंद करून घे. कारकून तोच असेल."