कुणाच्याही गाडीत न बसता

दुक्मच्या कॅम्पात आम्ही जिला 'रेल्वे लाइन' म्हणायचो, तिच्यावर रूळ नव्हते. गाडीचं तर नावच नको. त्या वर्षांत ओमानात रेल्वे येणार अशी जोरदार चर्चा होती. कुणीतरी माळावरून सरळसोट कच्चा रस्ता काढला होता, दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या होत्या आणि नंतर तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. तो खरंच रेल्वेसाठी होता की आणखी कशासाठी, देव जाणे. नाव पडलं ते पडलं. मी पाइप फिटिंगचा फोरमन. उंचावर चढलो की दक्षिणेकडे, रास मद्रकाच्या समुद्राच्या दिशेने गेलेली ती लाइन दिसायची आणि माझे पाय शिवशिवायला लागायचे.

पन्नाशीला टेकल्यावर मला सायकलचं वेड लागलं होतं. देशात परत जाणाऱ्या एका इंजिनिअरकडून गिअरची सायकल घेतली आणि तिला बायकोसारखी जपायला लागलो. हे माझं नाही, बायकोचंच वाक्य आहे, आणि ती ते कौतुकाने म्हणत नव्हती. त्यातच काँट्रॅक्ट संपत आलं. माझ्या डोक्यात बेत शिजला की मुंबईला उतरायचं, सायकल जोडायची आणि समुद्राच्या कडेकडेने, खाड्या ओलांडत, थेट रत्नागिरीकडच्या आपल्या घराच्या पायरीशी उतरायचं. बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अहो, रस्त्यात कुठे पडलात तर विचारणारं कोण?"

मी चिडलो. आखातात इतकी वर्षं एकटाच राहिलोय, मला काय विचारणारं कोण! पण तिनेही हट्ट सोडला नाही. तिने अट घातली की आधी तिकडे एक अख्खा दिवस सायकल चालवून दाखवायची, एकट्याने, आणि कुणाच्याही गाडीत न बसता. संध्याकाळी पोचल्यावर फोन. बसलात तर सायकल तिथेच कुणाला तरी देऊन टाका आणि सगळ्यांसारखे गाडीने घरी या. वर ग्रामदेवतेची शपथ घातली. कोकणातल्या माणसाला तिथून पळवाट नसते.

थंडीतला एक शुक्रवार धरला. मद्रकाला मासळीच्या कंपनीत रायगडकडचे ओळखीचे होते, रात्री त्यांच्या खोलीवर राहायचं ठरलं. परतीचा प्रवास अटीत नव्हता, तो त्यांच्या बर्फाच्या गाडीने. मेसमधून परोठे आणि ऑम्लेट बांधून घेतलं, पाण्याच्या बाटल्या लादल्या आणि उजाडताना निघालो.

काय सांगू, पहिले दोन-तीन तास मी नुसता उडत होतो! वारा पाठीमागून, जमीन कडक, समोर एकही वळण नाही. मी मोठमोठ्याने गायलो. माझा आवाज कॅम्पात कुणी सहन करत नाही, इथे ऐकायला उंट होते आणि त्यांनी फक्त माना वळवल्या. वेग वाढला की चाकाखालची खडी तडतडायची आणि मला उगाच हसू फुटायचं. शाळेतून पळून आल्यासारखं वाटत होतं.

भानगड सुरू झाली ती लाइन डांबरी रस्त्याच्या जवळ आली तेव्हा. त्या देशात हौसेने सायकल चालवणारे लोक मस्कतला असतात. आमच्या भागात सायकलवर दिसणारा माणूस म्हणजे ज्याच्याकडे दुसरं काही नाही असा, आणि माळावर एकटा दिसला म्हणजे तर संकटातच सापडलेला. पाण्याच्या टँकरचा पंजाबी ड्रायव्हर रस्ता सोडून माझ्यापर्यंत आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. काही नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. मग लँडक्रूझरमधली ओमानी पोरं आली. त्यांनी मला न विचारताच सायकल उचलायला घेतली, ती मी अक्षरशः ओढून घेतली. मग एक कुटुंब थांबलं. मागच्या खिडकीतून खजुराचा डबा बाहेर आला आणि आतली आजी मुलाला बहुधा माझ्या डोक्याच्या स्थितीविषयी काही विचारत होती.

आधी मला गंमत वाटली, मग वैताग आला. ऊन, वारा, पंक्चर यांची तयारी करून आलो होतो. या लोकांच्या चांगुलपणाची तयारी केली नव्हती. प्रत्येक वेळी थांबायचं, सलाम करायचा, ख्यालीखुशाली विचारायची, नको म्हणायचं, पुन्हा नको म्हणायचं. सूर्य काही माझ्यासाठी थांबत नव्हता.

दुपार कलली आणि खुंट्या संपल्या. लाइनही तिथेच संपली. पुढे नुसती वाळू. चाकं रुतायला लागली, म्हणून उतरून ढकलायला लागलो. पोटऱ्यांत गोळे आले. फोनला रेंज नव्हती. सकाळचा तो गाणारा माणूस कुठे गेला ते कळेना.

अशा वेळी तो म्हातारा आला. जुनी पिकअप, मागे बकऱ्या. गाडी थांबवून त्याने हिंदीत हुकूम सोडला, "सदीक, सायकल पीछे डाल. यल्ला." म्हणजे दोस्ता, चल लवकर.

खरं सांगतो, माझा हात सायकलच्या दांड्यावर गेला. वाळूचा पट्टा तेवढा पार करायचा, पुढे पुन्हा कडक जमीन दिसत होती. कुणाला कळणार होतं? बायको समुद्रापलीकडे. पण देवी अलीकडेही होती. मी नको म्हटलं. बायकोची शपथ आहे, हेही सांगितलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि थर्मासमधून चहा ओतला. मागच्या फळीवर बसून पी म्हणाला. मी उभ्यानेच प्यायलो. फळी म्हणजे गाडीच की!

चहा संपला तरी तो जाईना. म्हणाला, "तेरे को कुछ हुआ, तो मेरे को ऐब." तुला काही झालं तर लाज माझी, असं त्याचं म्हणणं. आणि मग तो माझ्यामागून यायला लागला. मी ढकलतोय, मागे पिकअप रांगतेय, तिचे पिवळे दिवे लुकलुकतायत आणि बकऱ्या ओरडतायत. माझं डोकं फिरलं. वळून दोनदा हात जोडले. त्यानेही हात वर केला आणि तसाच येत राहिला.

वाळू संपली, मी टांग मारली. त्यानेही वेग तेवढाच वाढवला. अंधारून आलं तेव्हा त्याने मोठे दिवे लावले आणि माझी सावली माझ्यापुढे लांबच लांब पसरली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मला समोरचा प्रत्येक दगड दिसतोय आणि माझा राग कुठल्या कुठे गेलाय. मी पुन्हा गायला लागलो. मागून हॉर्न वाजला, दाद की तक्रार कोण जाणे. एका चढावर खारा वास आला, मासळीचा वास आला, आणि खाली समुद्र! मी ब्रेक न लावता उतरलो. छाती आनंदाने फुटतेय की काय असं वाटलं.

किनाऱ्यावर रेंज मिळाली. मी फोन लावला आणि तिने काही विचारायच्या आत ओरडलो, "नाही बसलो! कुणाच्याच गाडीत नाही!"

तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. तिने विचारलं, मागे बकऱ्या कुणाच्या ओरडतायत? मी म्हाताऱ्याचं सांगितलं. आणखी कोण भेटलं? मग टँकरवाला सांगितला, पोरं सांगितली, खजूर देणारं कुटुंब सांगितलं, आणि लक्षात राहिलेले आणखी काही. एका हाताची बोटं पुरली नाहीत. सगळेजण बसा बसा म्हणून मागे लागले होते आणि मी कसा बधलो नाही, हेच मला सांगायचं होतं. ती मात्र एकेकाचं ऐकून हं, हं करत होती. तिचा आवाज हळूहळू सैल होत गेला.

पिकअपचे दिवे अजून माझ्यावरच होते. मला रायगडकरांच्या खोलीत शिरताना बघितल्याशिवाय म्हातारा हलणार नव्हता, तसं त्याने सांगूनही ठेवलं होतं.

"या मग सायकलवरून," ती म्हणाली. "पण इकडे कुणी बसा म्हणालं ना, तर बसा."