मोठ्या सिस्टरांचा भरवसा

मोठ्या सिस्टर देवाजवळ कधी काही मागत नसत. मारेगाव तालुक्यातल्या ज्या गावी आमचं आरोग्य उपकेंद्र होतं, तिथं एसटीच्या थांब्याशेजारी मारुतीचं लहानसं देऊळ आहे. ड्यूटी संपली की त्या पायरीपाशी चपला काढत, हात न जोडता दोन-तीन मिनिटं उभ्या राहत आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलत. मी तेव्हा नवी होते, कंत्राटावर लागलेली. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "दिवसभर काय केलं ते सांगतो त्याले. आपण दुसऱ्या सिस्टरले चार्ज देतो ना, तसं." आणि मागत काहीच नाही? तर म्हणाल्या, मला काय लागतं ते त्याला माझ्याआधी ठाऊक असतं.

गावातल्या गरोदर बायका लोहाच्या गोळ्या उशाखाली लपवायच्या आणि वर "देव पाहून घेईल" म्हणायच्या. सिस्टर रागवत नसत. "तो पाह्यतेच," त्या म्हणायच्या, "तू गोळी खाल्ली का नाही, तेही पाह्यते." बाई हसायची आणि बहुतेक वेळा गोळी खायची.

त्या सदाच्या थकलेल्या असत. नवरा लवकर गेला, मुलाला एकटीनं वाढवलं. वीसेक वर्षं वाड्यावस्त्या पायी तुडवून पाय सुजलेले. खुर्चीत बसताना "थकली गं बाई" म्हणत आणि कुणी दारात आलं की तेच म्हणत उठत.

त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला सिस्टरांना दोन दिवस झोप नव्हती. एकामागून एक बाळंतपणं आली होती. दुपारी पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, एक पोर आली. पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या, सोबत तिची आई. डोकं फार दुखतं म्हणत होती. सिस्टरांनी पोट तपासलं, डोकं उन्हानं दुखत असेल म्हणाल्या आणि रजिस्टरात रक्तदाब लिहिला: एकशेदहा, सत्तर. रक्तदाबाचं यंत्र कपाटातच होतं. मी ते पाहिलं आणि गप्प राहिले. मीही थकले होते, आणि मोठ्या सिस्टरांना मी काय शिकवणार?

तीनच्या सुमारास मुलगी झाली, चांगली रडली. अर्ध्या तासात, रक्तदाब फार वाढला की येतात तसे, आईला झटके सुरू झाले. फोन केल्यावर ॲम्ब्युलन्स यायला पाऊण तास लागला. मारेगावचा दवाखाना यायच्या आधीच ती पोर गेली. सिस्टर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी तिची आई बाळाला छातीशी धरून होती. सिस्टर रडल्या नाहीत.

चौकशी लागली. रजिस्टर तर चोख होतं. मग उरला ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. तो वाटेत कुठंतरी थांबला असणार, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. कंत्राटी माणूस, दोन लेकरांचा बाप. तो रोज येऊन शपथा घ्यायचा की गाडी कुठंच थांबवली नव्हती. सिस्टर खाली मान घालून ऐकायच्या.

त्या दिवसांत त्या देवळापुढून सरळ निघून जात. चार-पाच दिवस मी पाहिलं आणि मग विचारलं. "काय सांगू त्याले?" त्या म्हणाल्या. "तिथं खोटा आकडा नाही चालत."

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्या थांबल्या. इतका वेळ उभ्या राहिल्या की आमची एसटी निघून गेली. मग पायरीवर बसल्या आणि मलाही बसवलं.

"आठ दिवस लपून राह्यली होती मी त्याच्यापासून," त्या म्हणाल्या. "पण जाऊ कुठी? न्याय करणारा तोच, अन् माया करणाराही तोच. दुसरं दार असतं तर गेली असती."

मी म्हटलं, खरं सांगितलं तर नोकरी जाईल, आणि तसं हे कुणालाच ठाऊक नाही.

"तुले ठाऊक हाय ना," त्या म्हणाल्या.

मी पाहिलेलं त्यांना कळलं नसेल, असं मला तोवर वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. चौकशीला आलेले साहेब भले होते. तुम्ही दोन दिवसांच्या जागरणानं विसरला असाल, असं त्यांनी दोनदा सुचवून पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "विसरली नाही साहेब. मोजलं नाही, अन् मोजलं म्हणून लिवलं." मग साहेबांनी मला विचारलं. मीही खरं सांगितलं. त्या आधी बोलल्या नसत्या, तर मी बोलले असते असं मला आजही म्हणवत नाही.

निलंबनाचा कागद यायच्या आधी पोडावर लसीकरणाचा दिवस होता. सिस्टर पायी गेल्या, मी मागं. त्या पोरीची आई झोपडीपुढं नात मांडीवर घेऊन बसली होती. सिस्टर उन्हात उभ्या राहिल्या आणि आपण काय केलं नाही आणि काय लिहिलं, ते सगळं सांगितलं. माफी मागितली नाही. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग बोलली, "तुह्या तोंडाकडे पाह्यवत नाही मले. पण या पोरीची सुई बाकी हाय. ती देऊन जाय."

सिस्टरांनी सुई दिली. परतताना निम्म्या वाटेवर त्या दगडावर बसल्या आणि तेव्हा रडल्या. म्हातारी हाकलून देऊ शकली असती, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

ड्रायव्हर वाचला. सिस्टर सहा महिने घरी बसल्या, मग कामावर परत आल्या. बढती मात्र कायमची गेली. गावात कुणी त्यांना शिव्या दिल्या, कुणी वेडी म्हटलं. त्या दर महिन्याला पोडावर जात राहिल्या, निलंबनातसुद्धा. त्या नातीचं वजन करायचं, डोळे पाहायचे, आजीशी कामापुरतं बोलायचं आणि निघायचं. दोन वर्षं त्यांना तिथं कुणी पाणी विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी म्हातारीनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

निवृत्त झाल्यावर त्या यवतमाळला, लोहाऱ्याला मुलाकडे राहायला गेल्या. तिथं किडन्या गेल्या आणि डायलिसिस सुरू झालं. मी शेवटची भेटले तेव्हा हात काळेनिळे पडले होते. आता फारच थकले म्हणाल्या, आणि या वेळी उठल्या नाहीत. मी भीत भीत विचारलं, भीती वाटते का.

"वाटते. काहून नाही वाटणार? ती पोर तिथं असन. तिच्यापुढं उभं राहा लागन." मग जरा दम घेऊन म्हणाल्या, "तो सोडून देईन असा भरवसा नाही गं माहा. तो करन ते बरोबर करन, असा हाय. तेवढ्यावर झोप लागते मले."

मार्गशीर्षात त्या गेल्या. आता पोडावर मीच जाते. दोन दिवसांनी बातमी सांगायला गेले. म्हातारीला आता नीट दिसत नाही.

"तिनं माफी कधी मागतली नाही," ती म्हणाली. "मागतली असती तं मी नाही म्हटलं असतं."

मग तिनं नातीला हाक मारली. पोर शाळेतून येऊन खेळत होती, आठ वर्षांची झाली आहे. आजीनं तिला जवळ घेऊन कोलामीत काहीतरी सांगितलं. पोर आईविना वाढलेली, तिला सिस्टरांचा लळा होता. ती आजीच्या कुशीत तोंड खुपसून रडली. मी संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले. त्या घरात चूल पेटली नाही. दिवस कलल्यावर शेजारीण आली आणि घरचं माणूस गेल्यावर आणून ठेवतात तशी झाकलेली भाकरी दारात ठेवून गेली.